शेवट न सांगणारं संग्रहालय

लॉस एंजेलिसमध्ये १९९३ साली ‘म्युझियम ऑफ टॉलरन्स’ सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातला ज्यूंचा संहार आणि एकूणच वंशद्वेष हा त्याचा विषय. सुरुवातीच्या काळात तिथे आत जाताना दोन दारं लागायची. एकावर ‘पूर्वग्रह असलेले’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘पूर्वग्रह नसलेले’. दुसरं दार उघडायचंच नाही, ते कायमचं बंद. मग ओशाळून सगळ्यांना पहिल्या दारानेच जावं लागायचं.

ऐकायला भारी वाटतं. पण शाळेची सहल डोळ्यांसमोर आणा. चाळीस मुलं, पुढे दोन बाई. पहिल्या मुलाने बंद दार ढकललं, ते उघडलं नाही. उरलेल्या एकोणचाळीस जणांना कळलं की बरोबर उत्तर कुठलं. पुढचे दोन तास ते बरोबर उत्तरंच देत राहणार. शाळेने त्यांना तेवढं नक्कीच शिकवलेलं असतं.

ज्यूंचा इतिहास, त्यांची संस्कृती आणि त्यातून सहिष्णुता, हे सगळं मुलांना संग्रहालयात नेऊन शिकवायचं हा आता जगभरचा शिरस्ता झालाय. हेतू चांगलाच आहे. माझा प्रश्न पद्धतीबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत कामाच्या निमित्ताने युरोपात राहताना मी बर्लिनचं ज्यू संग्रहालय पाहिलं आणि वॉर्सॉचं ‘पोलिन’ दोनदा पाहिलं. त्यातलं पोलिन मला शिकवण्याच्या दृष्टीने जास्त प्रामाणिक वाटतं. का, ते सांगायचा हा प्रयत्न.

भीतीचा दहा मिनिटांचा डेमो

बर्लिनच्या संग्रहालयाची इमारत डॅनिएल लिबेस्किंड या वास्तुविशारदाची. वरून पाहिली तर वीज कोसळावी तशी वेडीवाकडी. ती बांधून झाल्यावर आत एकही वस्तू ठेवलेली नसताना लोक नुसती इमारत पाहायला येत होते. प्रदर्शनासह संग्रहालय २००१ मध्ये सुरू झालं.

इमारतीच्या तळघरात तीन वाटा आहेत. एक सातत्याची, एक निर्वासनाची आणि एक संहाराची. निर्वासनाची वाट बाहेरच्या बागेत निघते. तिथे ४९ उंच काँक्रीटचे खांब आहेत आणि जमीन तिरकी आहे, त्यामुळे चालताना तोल जातो, थोडं मळमळतं. संहाराची वाट एका उंच, रिकाम्या मनोऱ्यात संपते. आत हीटर नाही. वर एका फटीतून येणारा उजेड तेवढा. दार मागे धप्पकन बंद होतं.

आणखी एका पोकळ जागेत इस्रायली शिल्पकार मेनाशे कादिशमान यांनी लोखंडाचे दहा हजारांहून जास्त चेहरे जमिनीवर अंथरलेत. सगळ्यांची तोंडं उघडी. त्यांच्यावरून चालायचं असतं. प्रत्येक पावलाला लोखंडावर लोखंड आपटतं आणि तो आवाज सगळ्या भिंतींवरून परत येतो.

मी त्या मनोऱ्यात उभी होते तेव्हा माझ्यासोबत आठ-दहा शाळकरी मुलं होती. पहिलं मिनिट गप्प. मग एकाने हळूच ‘हॅलो’ म्हणून पाहिलं. घुमलं. मग सगळ्यांनीच. मला त्यांचा राग आला नाही. चौदा वर्षांच्या मुलाला उंच रिकाम्या विहिरीत सोडलं तर तो आवाज देऊन बघणारच. भीती ही भावना अंगात शिरते तशीच लगेच निघूनही जाते, विशेषतः दार उघडून कॅफेकडे जायचं आहे हे माहीत असताना.

लिबेस्किंडची इमारत ही कलाकृती म्हणून थोर आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती जे देते ते नुकसान झाल्याची जाणीव. काय नुकसान झालं, कोण होते ते लोक, ते कशावर हसायचे, कशावरून भांडायचे, हे तिथल्या पोकळ्या सांगू शकत नाहीत. संग्रहालयालाही हे उमगलं असावं. २०२० मध्ये त्यांनी कायमचं प्रदर्शन नव्याने मांडलं आणि त्यात धर्म, शब्बाथ, संगीत, कुटुंबं यांना भरपूर जागा दिली. पुढच्या वर्षी समोरच्या इमारतीत ‘अनोहा’ नावाचं लहान मुलांसाठीचं संग्रहालय उघडलं. तिथे नोहाची लाकडी नौका आहे आणि जुन्या टाकाऊ वस्तूंपासून केलेले प्राणी. लहानग्यांची ज्यू परंपरेशी पहिली ओळख मृत्यूने न होता एका गोष्टीने होते. हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

डेटा लीकेज

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. मशीन लर्निंगमध्ये ‘डेटा लीकेज’ नावाचा दोष असतो. मॉडेलला शिकवायला दिलेल्या माहितीत चुकून उत्तरही मिसळलेलं असतं. मग मॉडेल सरावात शंभरपैकी नव्याण्णव आणतं. सगळे खूश. प्रत्यक्ष वापरायला काढलं की सपशेल आपटतं, कारण खऱ्या जगातल्या माहितीसोबत उत्तर चिकटलेलं नसतं.

ज्यूंचा इतिहास आपण असाच शिकतो. उत्तर आधी कळलेलं असतं, ६० लाख. त्यानंतर मागचं जे काही वाचतो, ते त्या आकड्याकडे जाणारा सरळ रस्ता वाटतो. वाईट माणूस कोण तेही ठरलेलं, त्याची मिशीसुद्धा ठरलेली. या तयारीवर विद्यार्थी परीक्षेत उत्तम लिहितो. पण उद्या त्याच्या वर्गात, त्याच्या सोसायटीत, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या समाजाला हळूहळू बाजूला सारायला लागले तर ते त्याला ओळखू येईल का? तिथे मिशी नसते. शेवट लिहिलेला नसतो.

वॉर्सॉच्या संग्रहालयाने नेमकी हीच गळती बुजवायचा प्रयत्न केलाय.

हजार वर्षं, वर्तमानकाळात

पोलिन उभं आहे ते मुरानुफ या भागात. युद्धाआधी इथे गजबजलेली ज्यू वस्ती होती. वॉर्सॉच्या लोकसंख्येतला जवळपास तिसरा हिस्सा ज्यूंचा होता. नाझींनी नोव्हेंबर १९४० मध्ये इथे भिंत घालून घेट्टो बंद केला आणि चार लाखांहून जास्त माणसं आत कोंबली. १९४३ च्या उठावानंतर सगळा भाग जमीनदोस्त केला. युद्धानंतर त्याच ढिगाऱ्यावर नवी घरं बांधली, म्हणून काही इमारती आजही रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात. संग्रहालयासमोर १९४८ सालचं घेट्टोतल्या लढवय्यांचं स्मारक आहे. डिसेंबर १९७० मध्ये जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट याच स्मारकापुढे गुडघे टेकून बसले होते.

म्हणजे रडायला जागा बाहेर आहेच. आत शिरताना आपली तयारी त्याचीच असते. आणि आत पहिल्यांदा भेटतं ते जंगल, गोष्टीतलं. पश्चिमेकडून पळत आलेले ज्यू इथे पोचले तेव्हा त्यांना ‘पो-लिन’ असे शब्द ऐकू आले, अशी आख्यायिका आहे. हिब्रूत त्याचा अर्थ ‘इथे विसावा घ्या’. पोलंडचं हिब्रू नावही तेच.

तिथून पुढे हजार वर्षं. दहाव्या शतकात कॉर्दोबाहून आलेला इब्राहिम इब्न याकूब हा ज्यू प्रवासी. हिब्रू अक्षरं कोरलेली पोलिश राजांची नाणी. १२६४ सालची, ज्यूंना संरक्षण देणारी कालिशची सनद. मग बाजाराचं गाव, खानावळ, घर, सिनेगॉग. ग्वोझ्झेत्स या गावच्या लाकडी सिनेगॉगचं रंगीत छत इथे जवळपास मूळ आकारात पुन्हा उभं केलंय. मूळ सिनेगॉग आता अस्तित्वात नाही. विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी कार्यशाळांमध्ये जुन्या पद्धतीची हत्यारं आणि जुन्या पद्धतीचे रंग वापरून ते घडवलं. सिंह, हरणं, राशींची चित्रं, वेलबुट्टी. मी गेले तेव्हा शाळेतल्या मुली त्याखाली माना मागे टाकून उभ्या होत्या आणि आपापली रास शोधत होत्या. राशी शोधणाऱ्या पोरी पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

या प्रदर्शनाच्या मांडणीमागे बार्बरा कर्शेनब्लाट-गिम्ब्लेट या अभ्यासक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम ठरवला. प्रत्येक दालन त्या त्या काळातल्या माणसांच्या शब्दांत बोलेल, वर्तमानकाळात बोलेल आणि पुढे काय होणार याची चाहूल देणार नाही. १६४० चं दालन १९४२ बद्दल काही जाणत नाही. १९३८ चं दालनही नाही.

या नियमाचा परिणाम दोन महायुद्धांमधल्या दालनात कळतो. तो एक रस्ताच आहे. युद्धाआधी इथून जाणारा रस्ता झामेनहोफ यांच्या नावाचा होता. ‘एस्पेरांतो’ ही सगळ्या जगासाठीची भाषा तयार करणारे हेच ते पोलिश ज्यू डॉक्टर. या रस्त्यावर सिनेमा आहे, कॅफे आहे, यिद्दिश, हिब्रू आणि पोलिश अशा तिन्ही भाषांतली वर्तमानपत्रं आहेत. समाजवादी ‘बुंद’ पक्षवाले झिओनिस्टांवर तुटून पडतायत, धार्मिक मंडळी दोघांवर. कुणाला पॅलेस्टाइनला जायचंय, कुणाला इथेच क्रांती करायचीय, कुणाला नुसतं टँगोवर नाचायचंय.

माझ्यासोबत आलेली पोलिश सहकारी म्हणाली, “शाळेतून आले होते तेव्हा आमच्या बाईंनी विचारलं होतं, तू यातला कुठला पेपर विकत घेतला असतास? आम्ही अर्धा तास भांडलो.”

हा खरा धडा. मेलेल्या माणसाबद्दल हळहळणं सोपं, त्याच्याशी भांडणं अवघड. भांडायला आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

मिशी नसलेला पुरावा

याच रस्त्याच्या काळातली एक हकिकत मला इंजिनिअर म्हणून जास्त लागली. १९३५ मध्ये ल्वुफच्या आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये वॉर्सॉच्या पॉलिटेक्निकमध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळी बाकं ठरवण्यात आली. त्यांना ‘घेट्टो बाकं’ म्हणत. विद्यार्थ्याच्या नोंदवहीत शिक्का मारायचे, की याने विषम क्रमांकाच्या बाकांवर बसावं. अनेक ज्यू विद्यार्थ्यांनी तिथे बसायचं नाकारलं आणि व्याख्यानं उभ्याने ऐकली. काही पोलिश विद्यार्थी आणि प्राध्यापकही त्यांच्या बाजूने उभे राहिले.

हे जर्मनीत घडलेलं नाही. पोलंडवर जर्मनीने हल्ला केला तो सप्टेंबर १९३९ मध्ये. बाकं वेगळी करा अशी मागणी विद्यार्थी संघटनांची होती. म्हणजे माझ्यासारखी, थर्मोडायनॅमिक्सच्या सबमिशनची घाई असलेली मुलं. कुणाला मारायचं वगैरे त्यांच्या डोक्यात नसेल. ‘आमच्या बाकावर नको’, एवढंच. पुढचं माहीत नसताना हे पाहिलं तर किती साधं, किती ‘ॲडजस्ट करून घ्या’ छापाचं दिसतं! आणि म्हणूनच ते ओळखायला शिकणं महत्त्वाचं. गॅस चेंबर वाईट होतं हे कळायला कुणाला सहलीची गरज नसते. बाकाबद्दल असते.

त्यानंतरचं दालन संहाराचं. ते अंधारलेलं आणि अरुंद आहे, पण तिथेही नियम मोडलेला नाही. घेट्टोतल्या माणसांना जेवढं कळत होतं तेवढंच आपल्याला कळतं. इथे सोबतीला येतात इमानुएल रिंगेलब्लुम. ते इतिहासकार होते. त्यांनी घेट्टोत ‘ओनेग शाबेस’ म्हणजे ‘शब्बाथचा आनंद’ या नावाने एक गुप्त गट चालवला. या गटाने डायऱ्या, मुलांचे निबंध, रेशनकार्डं, पोस्टर्स, ट्रामची तिकिटं आणि गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा जमवले. आपली गोष्ट फक्त मारेकऱ्यांनी लिहू नये म्हणून.

२२ जुलै १९४२ पासून माणसांना ट्रेब्लिंकाला न्यायला सुरुवात झाली. दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन संग्रहाचा पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून एका शाळेखाली पुरला. त्यातल्या दाविद ग्राबेरचं वय १९. पुरण्याआधी त्याने स्वतःचा जबाब लिहून आत ठेवला. तिघेही वाचले नाहीत. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या. दुसरा भाग दुधाच्या दोन कॅनमध्ये होता, तो १९५० मध्ये सापडला.

शाळा, शिक्षक आणि दोन विद्यार्थी. ‘विद्यार्थ्यांना ज्यूंचा इतिहास शिकवणं’ या विषयावर यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. तेव्हा तो इतिहास झालेलाही नव्हता.

सर्टिफिकेट म्हणून सहिष्णुता

पोलिनवर टीका करण्यासारखं बरंच आहे. मूळ वस्तू कमी, पडदे आणि प्रक्षेपणं जास्त. तासाभराने टचस्क्रीनचा कंटाळा येतो, हे मी दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी बाई सांगतेय. पण मोठी अडचण वेगळी आहे.

१५६९ ते १६४८ या काळाच्या दालनाचं नाव आहे ‘पारादिसुस यूदेओरुम’, म्हणजे ज्यूंचा स्वर्ग. हा शब्दप्रयोग सतराव्या शतकातल्या एका उपहासात्मक लिखाणातून आलाय आणि तिथे तो कौतुकाने वापरलेला नाही. ज्यूंचे फार लाड होतात, अशी त्यात कुरकुर आहे. दालनात हे समजावलेलं असलं, तरी सहलीच्या मुलाच्या लक्षात राहतं ते दारावरचं नाव. शेवट लपवण्याच्या नियमालाही ही एक काळी बाजू आहे. हजार वर्षांत संहाराची वर्षं मोजून सहा. बाकी सगळं रंगीत छत. एखाद्याला सहज वाटेल, बघा, आमचा देश किती सहिष्णू होता, बाहेरून जर्मन आले आणि त्यांनी बिघडवलं.

हे वाटून घ्यायला सरकारांना आवडतं. २०१८ च्या सुरुवातीला पोलंडने कायदा केला, की नाझींच्या गुन्ह्यांची जबाबदारी खोटेपणाने पोलिश राष्ट्रावर ढकलणं हा गुन्हा. जगभर ओरड झाल्यावर तुरुंगवासाची तरतूद त्याच वर्षी काढून टाकली. त्याच वर्षी पोलिनने १९६८ सालावर प्रदर्शन भरवलं. त्या साली कम्युनिस्ट सरकारने ज्यूंविरुद्ध मोहीम चालवली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसांना देश सोडावा लागला. प्रदर्शनात जुन्या द्वेषपूर्ण वाक्यांच्या शेजारी आजची तशीच वाक्यंही लावली होती. संचालक दारिउश स्तोला यांना हे भोवलं. २०१९ मध्ये निवडप्रक्रियेत ते पुन्हा निवडून आले, तरी मंत्र्यांनी नेमणूक दिली नाही. शेवटी २०२० मध्ये त्यांनी स्वतःच माघार घेतली.

म्हणजे हजार वर्षांपूर्वीची सहिष्णुता दाखवा, हरकत नाही. आजची बाकं दाखवू नका. संग्रहालयाने दाखवली आणि किंमत मोजली. कुठलं संग्रहालय खरोखर शिकवतं, याची ही चाचणी मला दोन दारांपेक्षा जास्त पटते.

इस्राएल आळी

आपल्याकडेही असं एक सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं आहे. ‘ज्यूंचा छळ भारतात कधी झाला नाही.’ हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच तोंडाने आपण आणखी काय बोलतो? माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलवर ‘माइन काम्फ’च्या तीन-चार प्रती फिरत असायच्या. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ते पुस्तक मराठीतही मिळतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी. ‘काय शिस्त होती यार’, हे वाक्य मी मेसमध्ये किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. ते बोलणाऱ्या मुलांना ज्यूंबद्दल कणभरही राग नव्हता. ज्यू म्हणजे कोण हेच माहीत नव्हतं. आपली सहिष्णुता अशी फुकटात मिळालेली आहे.

आणि ही माणसं तर मराठी बोलत होती. कोकणातले बेने इस्राएल, गावावरून आडनाव लावणारे पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. नवसाला मलिदा करायचे. मुंबईत ज्या डॉ. ई. मोझेस रोडवर तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकता, ते एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले होते. १९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. गंमत म्हणजे तिथे साठच्या दशकात लग्नांच्या वेळी त्यांच्याच ज्यू असण्यावर शंका घेतली गेली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. म्हणजे बाकं वेगळी करण्याची हौस कुणा एका देशाची मक्तेदारी नाही.

अलिबागला शाळांच्या सहली ढिगाने जातात. कुलाबा किल्ला, भरती-ओहोटीची वेळ, समुद्रावर भेळ, परत. त्याच गावात इस्राएल आळी आहे, तिथे ‘मागेन आबोथ’ सिनेगॉग आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी कथा ज्या नवगावची सांगतात, तेही जवळच आहे आणि तिथे जुनी दफनभूमी आहे. वॉर्सॉच्या त्या बाईंसारखा एखादा प्रश्न विचारायला पडदे लागत नाहीत, प्रक्षेपणं लागत नाहीत. ‘शनिवारी घाणा बंद असताना घरातलं तेल संपलं तर तुमची आजी काय म्हणाली असती?’ एवढं विचारावं आणि पोरांना भांडू द्यावं. बसला अर्धा तास उशीर होईल.